उभ्या गंधाची अळी

नात्यात कुणी मला विचारलं, "तुम्ही कॉलेजात काय शिकवायचात हो?" तर माझ्या आधी आमचे हे उत्तर देतात, "किडे." झालं. बेडूक, गांडूळ, माणसाची पचनसंस्था, इतकी वर्षं घसा फोडून शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं आणि शिल्लक राहिले किडे. खरं सांगायचं तर मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मी दौंडला प्राणिशास्त्र शिकवायचे, त्याआधी थोडे दिवस शिरूरला. ह्या मुलखात कुणाच्या घरात, शेतात, बुटात अनोळखी किडा निघाला की "बाईंना दाखवा" असं म्हणायची पद्धतच पडली होती. गाडीवरचे एक तिकीट तपासनीस काडेपेटीतून झुरळाचं पिल्लू घेऊन आले होते, विंचू समजून. शिरूरहून एक नवरा-बायको तुरीच्या डाळीचा डबा घेऊन आले. डाळीत किडे झाले होते आणि भांडण असं की ते बायकोच्या माहेरच्या डाळीतून आले की सासूच्या. मी भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "ह्याच्यावरून माहेर-सासर कळत नाही हो. डबा उन्हात ठेवा." दोघंही नाराज होऊन गेले. माझा निकाल कुणाच्याच बाजूनं लागला नव्हता ना.

माझा खरा जीव मात्र भुंग्यांवर. वर्गीकरण म्हटलं की मुलं जांभया द्यायची, म्हणून मी ते भावकीवरून शिकवायचे. शेणाची गोळी ढकलत नेणारा शेणकिडा, नारळ पोखरणारा गेंडाभुंगा, उसाची मुळं खाणारी हुमणी आणि सांबरशिंगी, ही सगळी एकाच मोठ्या भावकीतली घरं. सांबरशिंगी हे नाव माझं. मराठीत त्या भुंग्याला सगळीकडे चालणारं नाव मला तरी सापडलं नाही. त्याच्या नराच्या डोक्यावर सांबरासारखी शिंगं दिसतात, पण ती शिंगं नव्हेत, ते जबडे. आणि एवढे मोठे जबडे असून गडी त्यांनी काही चावून खात नाही. झाडाचा पाझरलेला रस चाटतो. जबडे फक्त कुस्तीला. दुसऱ्या नराला कंबरेत धरायचं, उचलायचं, खोडावरून खाली टाकायचं, की संपलं भांडण. मला हे फार आवडायचं.

भावकीत घर कुठलं ते कसं ओळखायचं? भुंगा असेल तर मिशा बघायच्या. ह्या सगळ्यांच्या मिशीच्या टोकाला पानं असतात. बाकीचे ती मिटू शकतात, सांबरशिंगीला ती मिटता येत नाहीत, आणि त्याची मिशी कोपरात वाकवल्यासारखी मोडलेली असते. अळी असेल तर मात्र पंचाईत. सगळ्यांच्या अळ्या सारख्याच: पांढऱ्या, लठ्ठ, डोकं तांबूस आणि अंगाची कमान. तेव्हा तिचं मागचं टोक बघायचं. हुमणीची तिथली चीर आडवी, मधे जरा वाकलेली. सांबरशिंगीची उभी. "आडवं गंध आणि उभं गंध," मी मुलांना सांगायचे, "फक्त कपाळाऐवजी भलत्या ठिकाणी." एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायचं. आणि पुढचं वाक्य दर वर्षी ठरलेलं: "सांबरशिंगी घाटातल्या रानात असतो, कुजक्या लाकडात. आपल्या दौंड-शिरूरच्या कोरड्या मुलखात तुम्हाला तो जन्मात दिसायचा नाही."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माघ महिना होता. प्रयोगशाळेच्या दारात पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ डालड्याचा डबा घेऊन उभे राहिले. राहूचे बागायतदार, नामदेव आप्पा. सोसायटीचे संचालक, आवाज असा की बोलले तरी सभा वाटावी.

"बाई, ही हुमणी हाय. तेवढं लिवून द्या."

"आधी बघू तरी द्या."

"बगायचं काय त्यात? माझा ऊस खाल्ला हिनं पावसाळ्यात. हात लावला की बेटच्या बेट उपसून यायचं. हितं आमच्या शेजाऱ्यानं वडक्यात पाळून ठेवलीय. तुमचा कागद मिळाला की होळीत घालतो वडका, मिटलं."

डब्यात भुसा होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड तीन-चार अळ्या. मी एक उचलली, उलटी केली, भिंगाखाली धरली.

गंध उभं होतं.

मी चष्मा काढून पुसला, परत लावला. मी दुसरी बघितली, तिसरी बघितली. आप्पा म्हणाले, "काय वो बाई, बरं वाटंना काय?" मी म्हटलं, "आप्पा, कागद नंतर. मला आधी तो ओंडका दाखवा."

त्याच दिवशी मी पुण्यातल्या भुंग्यांच्या एका तज्ज्ञ सरांना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, "अळीवरून घर कळतं, जात कळत नाही. भुंगा आणा. नर आणा. शाबूत आणा." म्हणजे अळ्यांचे भुंगे होईपर्यंत, निदान ज्येष्ठापर्यंत, ओंडका राहायला हवा. आणि होळी तर फाल्गुनात.

दुसऱ्या दिवशी केडगावला उतरून वडापच्या जीपनं राहूला गेले. राहू बेट म्हणतात त्याला, एका अंगाला भीमा आणि दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. नदीकाठी दोन रानांच्या मधल्या बांधावर ओंडका आडवा पडला होता. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा, साल गेलेली, बुडाकडून कुजलेला. आणि त्यावर मध्यावर घोंगडी टाकून म्हस्कू आबा बसलेले. आप्पांचा शेजारी तो हाच. आबांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली होती, आबांनी मेंढरं राखत राखत दोन एकर केले होते.

आप्पा बांधापाशी थांबले. आबांकडे न बघता मला म्हणाले, "सांगा त्यास्नी, कॉलेजच्या बाई आल्यात म्हनावं." आबांनीही माझ्याकडेच बघत उत्तर दिलं, "दिसतंय म्हनावं मला. डोळं हायती." दोघांची विहीर सामाईक, मोटर सामाईक, आणि पावसाळ्यापासून दोघांत बोलणं बंद. मोटर कधी चालू करायची हे दोघांच्या बायका एकमेकींना सांगायच्या.

"आबा," मी म्हटलं, "हा ओंडका इथं आला कसा?"

"नदीनं आनला. मोठा पूर आलता तवा." आबांनी घोंगडी सारखी केली. "बाई, माझी मेंढरं खाली गवतात बसवलीवती. पानी कवा चढलं कळालं न्हाई. सकाळी बगतोय तर एक बी मेंढरू न्हाई आन् बांधावर ह्यो. नदीनं माझं सगळं न्हेलं आन् ह्यो दिला. आता लोक म्हनत्यात जाळ. कसा जाळू?"

आप्पा दुसरीकडे बघायला लागले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भीमा येते घाटमाथ्यावरून, सांबरशिंगीच्या रानातून. कुठलं तरी तिथलं झाड उन्मळून वाहत आलं आणि पोटातल्या अळ्यांसकट इथं अडकलं. ह्या अळ्या वर्षानुवर्षं लाकूडच खातात, मोठ्या व्हायला त्यांना घाई नसते. पुरात माणसं झाडाला धरून तरतात तसे हे किडे तरले होते. आबा म्हणाले, "गप बसलं की ऐकू येतंय मला. आत कुरतडत्यात. मेंढरं रवंथ करत्यात तसं वाटतंय." मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली.

"आप्पा, ही हुमणी नाही," मी म्हटलं. "ही कुजकं लाकूड खाते. ओलं मूळ दिलंत तरी तोंड लावायची नाही." आणि मी त्यांना उभं-आडवं गंध समजावून दिलं.

आप्पा भडकले. "म्हंजी मी किड्याच्या बुडाकडं बघून इस्वास ठिऊ?"

"मग तुमच्याच रानात खणा. हुमणीची अळी पावसाळ्यात मुळं खाते आणि दिवाळीच्या पुढं-मागं तिचा भुंगा होतो. तो भुंगा जमिनीतच गप पडून राहतो, वळीव पडेपर्यंत. आता माघात तुमच्या उसात अळी नाही सापडणार, भुंगा सापडेल. आणि ओंडक्यात माघातही अळीच आहे. दोघी एक कशा असतील?"

आप्पांनी बोलणं सोडलं आणि कुदळ घेतली. ज्या तुकड्यातला ऊस बसला होता तिथंच खणायला लागले. हातभर खोल गेल्यावर मातीचं एक ढेकूळ फुटलं आणि आतून तपकिरी भुंगा निघाला, पाय दुमडून झोपलेला. पलीकडे दुसरा. मग तिसरा. आप्पा घामाघूम झाले तरी खणत राहिले. आबा ओंडक्यावरून उठून बांधाच्या काठापर्यंत आले होते, पण पलीकडे पाय टाकला नाही.

"ही तुमची हुमणी," मी म्हटलं. "तुमच्याच घरची."

आप्पा तळहातावरच्या भुंग्याकडं बघत राहिले. "आन् मी चार मानसांत काय काय बोललो," असं अगदी हळू म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हळू बोलला की ऐकणाऱ्याला कसंसंच होतं.

पण खरी गोम पुढंच होती. आप्पांनी रागाच्या भरात आधीच होळीच्या पोरांना बोलावून ओंडका दाखवला होता आणि त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. होळीला बोललेलं लाकूड माघारी घ्यायचं नसतं. पोरं चोरून नेतात ते लाकूडसुद्धा कुणी परत मागत नाही, आणि हे तर संचालकांनी नारळ फोडून दिलेलं. माझं शास्त्र इथं काही कामाचं नव्हतं. मी आपली जीपमध्ये बसून नवसच बोलायचा तेवढा बाकी ठेवला.

होळीच्या दिवशी मला राहवेना, दुपारीच राहू गाठलं. ओंडका जागेवर होता. आणि गावाच्या होळीत मधोमध उभी होती आप्पांची बैलगाडी. साटा, धुरा, चाकं, सगळी. बैल विकून ट्रॅक्टर आणला तरी त्यांनी ती गोठ्यात झाकून ठेवली होती. त्यांच्या वडिलांची होती. मी विचारलं तर अंगावर आले, "वडक्याच्या बदली लाकूड दिलं पायजे का न्हाई? आमचा शबुद हाय!" आणि तरातरा निघून गेले. त्यांचे डोळे लाल होते. होळी तर अजून पेटायची होती.

एवढं झाल्यावर दोघं गळ्यात गळा घालतील असं वाटलं असेल तर तुम्हाला राहूची माणसं माहीत नाहीत. बोलणं बंद ते बंदच. मोटरचा निरोप बायकांमार्फतच.

वैशाखात वळीव पडला. मी आप्पांना आधीच बजावलं होतं: पहिला वळीव झाला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभळी, बोरीवर पाला खायला बसतात. तेव्हा फांद्या हलवायच्या, खाली पडले की गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. अंडी घालण्याआधी जेवढे सापडतील तेवढा ऊस वाचला. निरोप आला तशी मी गेले. आप्पांच्या दारातला कडुलिंब भुंग्यांनी नुसता घुंघुं करत होता.

"घ्या," मी म्हटलं, "वर्षभर शेजाऱ्याच्या नावानं खडे फोडलेत, आणि जेवणावळ तुमच्याच दारात उठतेय."

"बाई, मीठ चोळू नका," आप्पा म्हणाले. फांदी हलवली की भुंगे पडायचे, पण अंधारून आलेलं, खाली माती, अर्धे तर दिसेनातच. आप्पा वाकून वाकून वैतागले. तेवढ्यात म्हस्कू आबा आले. कुणाशी बोलले नाहीत. खांद्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि झाडाखाली नीट पसरली. मग काठीचा आकडा वरच्या फांदीत अडकवला. इतकी वर्षं मेंढरांना पाला पाडला होता त्यांनी. एकच हिसडा असा दिला की घोंगडीवर भुंग्यांचा सडा पडला. लोकरीत भुंग्यांचे पाय अडकतात, त्यांना पळता येईना.

आप्पा उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "त्या अंगाची फांदी बी घे की, म्हस्कू."

"घेतो की. तू बादली धर."

एवढंच. मी मात्र दुसरीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसले. नाटकी वाटलं तर वाटू दे.

ज्येष्ठात आबांचा निरोप आला, "तुमचा पाव्हना भाईर आलाय." मी हातातलं काम टाकून धावले. ओंडक्याच्या बुडाशी तो बसला होता. काळा, तकतकीत, नर. जबडे फार मोठे नव्हते. अळीपणी खाणं कमी पडलं की नराचे जबडे आखूड राहतात, आणि ह्यानं तर पूर बघितलेला. पण मी काडी पुढं केली तशी पुढच्या पायांवर उठून जबडे फाकवून उभा राहिला. एवढासा जीव, पण आव हिंदकेसरीचा! "जन्मात दिसायचा नाही" म्हणून मी ज्याच्याबद्दल सांगायचे, तो हा.

मी पिशवीतून बाटली काढली. आबांनी विचारलं, "त्यात ठिवनार?"

मी खरं ते सांगितलं. बाटलीत औषध असतं, त्यात तो मरतो. मग टाचणी लावून ठेवायचा, पुण्याला पाठवायचा. पोटातले बारीक भाग तपासल्याशिवाय जात नक्की होत नाही.

"नाव कळाय मारावं लागतंय व्हय?"

"हो, आबा."

आबा भुंग्याजवळ उकिडवे बसले. "पुरातनं तरला. होळीतनं वाचला," ते म्हणाले. "पर वडका तुमच्यामुळं ऱ्हायला बाई. तुमचा हक हाय. न्या."

न्या म्हणाले! नको म्हणाले असते तर मी भांडले असते, शास्त्र समजावलं असतं, घेऊन गेले असते. बाटलीचं झाकण मी उघडलं. परत लावलं. पुन्हा उघडलं. शेवटी बाटली पिशवीत कोंबली आणि निघाले. जीपमध्ये बसून आधी स्वतःला शिव्या घातल्या, मग आबांना. सगळी नोकरी ज्याची वाट बघितली तो हातातोंडाशी आला आणि मी सोडून दिला, एका म्हाताऱ्यानं "न्या" म्हटलं म्हणून.

पुढं पाऊस सुरू झाला, कॉलेज सुरू झालं. आणि एक दिवस दारात परत तीच टोपी. आप्पांनी कोपरीच्या खिशातून चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. डबी धुऊन लख्ख केलेली, आत कापूस.

"म्हस्कूनं दिलाय. आपनहून मेला. आमी दोगांनी बगितलाय, कुनी मारल्याला न्हाई."

जबडे, डोकं, छाती, पाठीवरचे कडक पंख शाबूत होते. पोट मुंग्यांनी खाऊन टाकलं होतं. मी तो पुण्याला पाठवला. सरांनी भिंगाखाली पुष्कळ उलटा-पालटा केला आणि कळवलं: सांबरशिंगीच, शंका नाही, घाटातल्या एका जातीच्या जवळचा. पण पोट नाही, तेव्हा नाव नक्की करता येत नाही.

टाचणीला लावलेला तो भुंगा छोट्या पेटीत घालून मी राहूला नेला. दोघं ओंडक्यावर बसले होते. आप्पा तंबाखू मळत होते, आबा हात पुढं करून बसले होते. आमच्यात रीत अशी की टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी लावायची: कुठं सापडला, कशात सापडला आणि कुणाला सापडला. मी वाचून दाखवली. "राहू. पुरानं आलेल्या ओंडक्यात. म्हस्कू आणि नामदेव यांना."

"आन् त्याचं नाव?" आबांनी विचारलं.

"ते ठरलं नाही, आबा."

"मारला आसता तर ठरलं आसतं?" आप्पा म्हणाले.

"बहुतेक ठरलं असतं."

आबांनी पेटी हातात घेतली, लांब धरून बघितली आणि आप्पांच्या हातात दिली. "बिननावाचा तर बिननावाचा," ते म्हणाले. "आपल्या दोगांच्या नावावर लागला, नामदेव. सामाईकात."

आप्पा थोडे सरकले, आबाही दुसरीकडे सरकले, आणि मधे मला बसायला जागा केली.